अकरा किलोमीटर शिल्लक

रमीलाचं पारणं सकाळी साडेनऊला आटोपलं आणि दहाच्या आत घरात तिच्याकडे बघणारं कोणी उरलं नाही.

खरं तर दिवस तिचा होता. तेरा महिने एक दिवसाआड उपास काढायचे आणि अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, उसाच्या रसाने ते सोडायचे, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यासाठी सुरतेहून नणंद कोकिळा आली होती. अँटवर्पहून थोरले दीर सेवंतीलाल धाकट्या लेकीला, अनेरीला घेऊन आले होते. पालनपुरातला अर्धा जैन समाज चांदीच्या वाटीने रमीलाला घोट घोट रस पाजून गेला होता. पाहुणे गेले, घरचे तेवढे उरले, आणि अनेरीने तोंड उघडलं.

"बा माझ्या लग्नाला येणार आहे की नाही, ते मला आज कळायला हवं. जूनच्या विमानांत जागा उरत नाहीत. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

बा म्हणजे तिची आजी, सेवंतीलालची आई. अनेरी अँटवर्पला जन्मली, तिथेच वाढली. गुजराती घरात शिकली, पण गोल गोल बोलायचं मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.

सेवंतीने तिला डोळ्यांनी दटावलं. पासष्ट वर्षांचा माणूस, हिऱ्याच्या बाजारात लोक त्याच्यासमोर आवाज खाली आणून बोलत. पण या घराच्या उंबऱ्याच्या आत तो नुसता सेवंती होता आणि त्याच्या डोळ्यांना कोणी भीक घालत नसे. "बेटा, बाचा नियम आहे," तो हळूच म्हणाला. "ठाऊक आहे तुला."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. दिशापरिमाणाचा नियम. घरापासून कोणत्या दिशेला किती लांब जायचं याची हद्द आपली आपण आखायची, महाराजसाहेबांपुढे, म्हणजे जैन साधूंपुढे, हात जोडून ती बोलून दाखवायची आणि मरेपर्यंत ओलांडायची नाही. त्र्याहत्तर साली सेवंती परदेशी गेला, आणि पुढच्याच चातुर्मासात बाने तो घेतला. वडिलांचा, बापूजींचा, त्याच्या जाण्याला विरोध होता. पिढीजात अत्तराचं दुकान सोडून पोरगा दगड घासायला चाललाय, असं ते गावभर सांगत. सेवंती तरीही गेला. चौदा महिन्यांनी धाकट्या भावाचं, चिनूचं पत्र आलं. त्यात बापूजींचा खोकला होता, दुकानाचं छप्पर होतं, आणि शेवटी कडेला एक ओळ होती: 'बाने दिशापरिमाणाचा नियम घेतला आहे.'

ती ओळ सेवंतीने थंडीत, रस्त्यातच उभं राहून वाचली होती. बापूजींचा राग त्याला समजत होता. पण बानेही पायाला दोरी बांधून घेतली, आपल्याकडे कधी यावंच लागू नये म्हणून, हे त्याला झेपलं नाही. त्याने कोणाला विचारलं नाही, भांडला नाही. दर दोन वर्षांनी दिवाळीला तो यायचा, बाच्या पाया पडायचा आणि परत जायचा. 'बा, माझ्या घरी चल,' हे शब्द त्रेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून निघाले नव्हते. नियम असलेल्या माणसाला चल म्हणायचं म्हणजे त्याला नियम मोडायचा मोह घालायचा. ते पाप बोलावणाऱ्याच्या माथी. एवढा जैन तो अँटवर्पलाही राहिला होता.

"नियम आहे हे ठाऊक आहे," अनेरी म्हणाली. "पण केवढा?"

  रमीलाच्या नवऱ्याने, चिनूभाईने, पंख्याकडे पाहिलं. कोकिळाने रमीलाकडे पाहिलं. सेवंतीने खाली पाहिलं. हिऱ्यातला केसाएवढा डाग भिंगाने शोधून काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने आईच्या नियमाचा आकडा कधी विचारलाच नव्हता.

"बालाच विचारू या," अनेरी उठली.

"बस खाली," कोकिळा म्हणाली. "ती सामायिकात आहे."

बा आतल्या खोलीत होती. दार सताड उघडं. पांढऱ्या लोकरीच्या आसनावर, हातात माळ, पुढ्यात वाळूचं घड्याळ. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं संसार बाजूला ठेवायचा. उठायचं नाही, व्यवहाराचं एक अक्षर बोलायचं नाही. वरचं भांडं वाळूने अजून पाऊण भरलेलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची जासूदबा डोळे मिटून बसली होती, आणि तिचे कान काही मिटलेले नव्हते.

शहाण्या माणसांनी वाळू संपेपर्यंत वाट पाहिली असती. पण काखेत कळसा असताना गावाला वळसा घातल्याशिवाय या कुटुंबाला चैन पडत नसे.

पहिली बोलली ती रमीला. एवढी तपस्विनी, पण तिच्या मनात तिच्या सोयीचा बेत आधीच शिजला होता. तिचं म्हणणं, बाने जायची गरजच काय? लग्न इथेच, पालनपुरात करावं. लग्नकार्यांची वाडी तिने पाहून ठेवली होती, आचाऱ्याशी बोलून ठेवलं होतं. कोकिळाने ते तिथल्या तिथे उडवून लावलं. जूनच्या उन्हात तिकडची गोरी मंडळी भाजून निघतील म्हणाली. तिचा खरा मुद्दा निराळा होता. बा गेली तर सोबत कोणीतरी लागणार, आणि ती सोबत आपणच, हे तिने सुरतेहून निघतानाच ठरवलं होतं. नवं स्वेटरही घेतलं होतं. चिनूभाई दोघींनाही मान डोलवत होता. अत्तरवाला माणूस, गिऱ्हाईक जाईपर्यंत कोणालाच नाही म्हणायचं नाही ही त्याची रीत.

"एक आकडा मी ऐकलाय," रमीला मध्येच म्हणाली. "रोज पहाटे बा आपले नियम पुटपुटतात. अडतीस वर्षं ऐकतेय मी. त्यात 'चार हजार' असतं."

सेवंतीने मान वर केली. चार हजार. त्याला वाटलं होतं, असेल पाचशे, फार तर हजार. लोक शत्रुंजयाची आणि समेतशिखराची यात्रा होईल एवढं ठेवतात आणि बाकी सोडून देतात. चार हजार कोण ठेवतं?

अनेरीची बोटं फोनवर चालू लागली. "आपल्या या घरापासून अँटवर्पच्या घरापर्यंत सरळ रेषेत सहा हजार चारशे सव्वीस किलोमीटर," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. "मग नाहीच जमत."

"किलोमीटर कोण म्हणालं?" रमीलाने विचारलं. "बा स्टेशनलासुद्धा मैलांत मोजतात."

अनेरीने पुन्हा बोटं चालवली. मग ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. चार हजार मैल म्हणजे सहा हजार चारशे सदतीस किलोमीटर. घर हद्दीच्या आत. अकरा किलोमीटर शिल्लक.

क्षणभर सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं. सेवंतीलाही काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याने ते लगेच दाबून टाकलं. बाजारात तो एक गोष्ट शिकला होता. खडा फार चांगला दिसायला लागला की तो पुन्हा एकदा उजेडात धरायचा.

उजेडात धरायला माणूस हजरच होता. बापूजींचे धाकटे भाऊ पोपटकाका, वय एकोणऐंशी, कोपऱ्यातल्या झोपाळ्यावर बसून उरलेला रस संपवत होते. निवृत्तीनंतरची वीस वर्षं त्यांनी उपाश्रयात साधूंपाशी काढली होती. कोणत्या व्रताला कोणता दोष कसा लागतो हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं, आणि दोष सापडला की त्यांना झोप छान लागे.

"सरळ रेषेत कावळा उडतो," पोपटकाका म्हणाले. "भाभी काय कावळ्यावर बसून जाणार? वाट मोजा."

अनेरीने वाट मोजली. मोटारीने अहमदाबाद एकशे पंचेचाळीस, तिथून आखातापर्यंत अठराशे, तिथून ब्रसेल्सपर्यंत पाच हजार दीडशे, आणि पुढे घरापर्यंत पंचेचाळीस. सगळे मिळून सात हजार एकशे चाळीस. पोपटकाकांनी वाटी खाली ठेवली, म्हणजे विषय संपला.

इथे रमीलाने पक्ष बदलला. खरं तर काकांची बाजू तिच्या फायद्याची होती. बा अडली की लग्न पालनपुरात. पण सकाळी पारण्याच्या पाटावर बसलेली असताना हेच काका चारचौघांत म्हणाले होते की हल्लीचे उपास म्हणजे उकळलेल्या पाण्याबरोबर भरपूर कौतुक. ते तिच्या घशात रसाच्या प्रत्येक घोटाबरोबर अडकलं होतं.

"काका, म्हैस खुंट्याला बांधतात ना?" ती गोडपणे म्हणाली. "दोरी दहा हात असेल तर म्हैस दिवसभरात गोल फिरून दोन कोस चालते. म्हणून कोणी म्हणतं का, की तिने दोरी तोडली? हद्द खुंट्यापासून मोजायची. ती किती चालली ते तिचं तिला ठाऊक."

कोकिळा खो खो हसली. चिनूभाईने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जणू लग्नानंतर अडतीस वर्षांनी त्याला ती नव्याने भेटली असावी. काका म्हशीला उत्तर शोधू लागले.

तेवढ्यात रमीलाने वेळेचं विचारलं. अनेरीने बोटांवर मोजून दाखवलं: अहमदाबादपर्यंत तीन तास, विमानतळावर तीन, आखातापर्यंत तीन, तिथे अडीच तास थांबणं, पुढे सात, आणि घरापर्यंत पाऊण. सव्वाएकोणीस तास. पण तिथल्या घड्याळात पोचल्यावर पावणेसोळाच झालेले दिसतात.

"मधले साडेतीन तास जातात कुठे?" रमीलाला खरीच काळजी वाटली. ती उपासाच्या हिशोबाने विचार करत होती. छत्तीस तासांचा उपास विमानात साडेएकोणचाळीसचा झाला असता.

"येताना परत मिळतात, काकी."

मग चोविहाराचा प्रश्न निघाला. सूर्य मावळल्यावर बाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही, साठ वर्षांत गेलेला नाही. सूर्य कुठला धरायचा, पालनपूरचा की खिडकीतला? कोकिळा म्हणाली, दिसेल तो धरायचा, सूर्य काय दोन आहेत? सकाळचं विमान घेतलं तर सूर्य आपल्याबरोबरच पश्चिमेला चालतो, मावळता मावळत नाही. आणि अँटवर्पला जूनमध्ये तो रात्री दहाला जातो.

"म्हणजे बा रात्री दहापर्यंत जेवू शकते?" चिनूभाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्याचा आवाज इतका हेवा करणारा होता की सेवंतीलाही हसू आलं.

हसता हसता त्याला कळलं की आपण आशा करायला लागलो आहोत. ते त्याला आवडलं नाही. नाहीची त्याला सवय होती, नाहीवर त्याने सगळं आयुष्य नीट बेतलं होतं. अँटवर्पच्या घरात देवघराच्या शेजारची एक खोली त्याने कधी कोणाला दिली नव्हती. बायको मृदुला विचारायची, ती कोणासाठी? तो म्हणायचा, असू दे.

पोपटकाका अजून हरले नव्हते. ते चष्मा पुसत होते.

"हद्द आडवी मोजलीत," ते म्हणाले. "आता उभी मोजा. दिशा चार नाहीत. वर आणि खाली याही दिशाच. वरची हद्द ओलांडणं हा तर या व्रताचा पहिला दोष. विमान केवढं उंच उडतं गं, पोरी?"

अनेरीने फोनकडे न बघताच सांगितलं, अकरा-बारा किलोमीटर. सात मैलांहून जरा जास्तच.

"आणि बायका वरची हद्द काय ठेवतात? गिरनार. गिरनार चढून होईल एवढी. मैलभरसुद्धा भरत नाही ती." त्यांचा आवाज आता उलट मऊ झाला होता. काका वाईट माणूस नव्हते, बरोबर माणूस होते, आणि ते जास्त त्रासाचं असतं. "चार हजार मैल असोत की चाळीस हजार. जमिनीवरून उठलं की गिरनारच्या वर गेलंच. भाभींना विमानात बसता येणार नाही. मलाही वाईट वाटतं, सेवंती."

म्हशीचा इथे काही उपयोग नव्हता. रमीलाने पदराने उगाच पाट पुसला. कोकिळाच्या डोळ्यांपुढे बहुधा स्वेटर आलं. अनेरी बोटीची चौकशी करू का असं काहीतरी पुटपुटली आणि बापाचा चेहरा पाहून थांबली. सेवंतीच्या वाट्याला पुन्हा नाही आलं होतं, आणि लाज अशी वाटत होती की ते नाही जुनं, ओळखीचं होतं. अर्ध्या तासापुरतं मागे सरलं होतं, एवढंच. तो म्हणाला, असू दे, काका म्हणतात ते खरं आहे, आणि कृपा करून यातलं काही बाच्या कानावर घालू नका.

"वाळू संपली," आतून बा म्हणाली.

आसन गुंडाळून, माळ डबीत घालून, गुडघ्यांवर हात देत ती बाहेर आली. कोकिळाने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. झोपाळ्यावरून पोपटकाका आपोआप उठले आणि ती तिथे बसली.

"आजचं सामायिक वाया गेलं," ती म्हणाली. "सगळं मन तुमच्या विमानात. उद्या दोन करावी लागतील." मग रमीलाला म्हणाली, "म्हशीचं बरं सांगितलंस. फक्त म्हैस नव्हतं म्हणायचं."

रमीलाने जीभ चावली.

"बा," अनेरी तिच्या पायाशी बसली, "तुझा नियम केवढा आहे?"

बाने हात जोडले. नियम बोलायचा तर हात जोडूनच. त्रेचाळीस वर्षं रोज पहाटे म्हटलेलं ते तिने आज सकाळी दुसऱ्यांदा म्हटलं, ना सावकाश ना घाईने. "पूर्वेला चार हजार मैल. पश्चिमेला चार हजार. उत्तर, दक्षिण, कोनाच्या दिशा, तेवढंच. खाली अर्धा मैल. वर आठ मैल."

अनेरीने टाळी वाजवली. पोपटकाकांनी आठ की सात याची खात्री करून घेतली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान्य आहे अशी मान हलवली. दोष निघत नव्हता, त्यामुळे ते जरा खट्टू झाले. कोकिळाने विचारलं, मग सोबत कोण जाणार. चिनूभाईने सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, म्हणून सगळ्यांनी ते घेतलं आणि पुढे गेले.

सेवंती तेवढा मागे राहिला. त्याला खड्यात काहीतरी दिसलं होतं.

"आठ, बा?"

"आठ."

"आठ मैल उंच डोंगर जगात नाही. हिमालयसुद्धा साडेपाचच्या वर जात नाही."

"डोंगराचं कोण बोलतंय?" बा म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. बाला मात्र यात वळून पाहण्यासारखं काही वाटलं नसावं. तिने जे सांगितलं ते बाजाराला जाऊन आल्यासारखं सांगितलं. त्या वर्षी चातुर्मासात महाराजसाहेब म्हणाले, बारा व्रतं घ्या. तिला घ्यायची होतीच. पण दिशेच्या व्रताशी येऊन ती अडली. तेव्हा ती कन्याशाळेतल्या नटवरमास्तरांकडे गेली, सासऱ्यांना न सांगता, दुपारची. मास्तरांकडे पृथ्वीचा गोल होता. त्यावर पालनपूर नव्हतं, अँटवर्पही नव्हतं. मास्तरांनी अंदाजाने बोट ठेवलं. तिने पदराचा दोरा काढून दिला. त्यांनी तो एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत ताणला, मोजला आणि सांगितलं, चार हजाराला थोडे कमी. मग तिने विचारलं, विमान किती उंच जातं? मास्तरांनी कुठल्याशा पुस्तकात बघून सांगितलं, सात मैल.

"मी एक मैल जास्तीचा घेतला," बा म्हणाली. "वादळबिदळ आलं तर वरून न्यायला लागेल म्हणून."

 रमीलाने पदर तोंडाला लावला होता.

"महाराजसाहेब ऐकायला तयार नव्हते. म्हणाले, बेन, लोक पाचशे मैल ठेवतात. एवढं मोकळं ठेवल्यावर यात नियम तो काय राहिला? मी म्हटलं, साहेब, तेवढ्यात माझा एक मुलगा राहतो. तेवढं राहू द्या. त्याच्या पुढचं सगळं जग मी सोडलं."

सेवंतीला काही दिसेनासं झालं. पासष्ट वर्षांच्या माणसाने सगळ्यांदेखत रडू नये, असं त्याला वाटत होतं आणि तो रडत होता. चौऱ्याहत्तर साली, बर्फाळ रस्त्यावर ती ओळ वाचून त्याने जे दार बंद झालेलं पाहिलं होतं, ते तिने दोरा लावून, मोजून, त्याच्या उंबऱ्यापर्यंत उघडं ठेवलं होतं.

"मग आली का नाहीस?" तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला. "बापूजी जाऊनही पंधरा वर्षं झाली. आली का नाहीस, बा?"

"बोलावलंस कधी?"

 त्याने पापाचं सांगितलं. नियम असलेल्या माणसाला चल म्हणायचं कसं, मोडायचा मोह घातल्याचं पाप लागतं, तूच शिकवलं होतंस.

"चल म्हणण्याचं पाप असेल," बा म्हणाली. "केवढा आहे, हे विचारण्याचं नव्हतं."

पोपटकाकांनी घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं आता ते यातही काही काढणार. पण ते एवढंच म्हणाले की शास्त्रात याला दोष नाही, नुसता मूर्खपणा म्हणतात. चिनूभाईचा चेहरा कोकम प्यायल्यासारखा झाला होता. त्या पत्रात जागाच उरली नव्हती, तो बायकोला सांगू लागला, कडेला कशीबशी एक ओळ बसली, आकडा लिहायला जागा कुठली? रमीलाने त्याला जन्मभर पुरेल असा एक कटाक्ष दिला.

रडं ओसरायला घरात काहीतरी व्यवहाराचं निघावं लागतं. ते अनेरीने काढलं. फोनकडे पाहता पाहता ती एकदम म्हणाली, "अरे देवा. किल्ला."

लग्न गेंटजवळच्या एका जुन्या किल्ल्यात ठरलं होतं. तळं, हंस, दगडी पूल, सगळं. तो अँटवर्पच्या पश्चिमेला पन्नास किलोमीटर होता, आणि बाकडे होते अकरा. नवऱ्या मुलाने त्या किल्ल्यासाठी वर्षभर हट्ट धरला होता. सेवंती म्हणाला की लग्न तिथेच होऊ दे, बा घरी थांबेल, घरी आली तरी पुष्कळ आहे. अनेरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस अजूनही काही शिकलेला नाही.

"पप्पा, मी किल्ल्याशी लग्न करत नाहीये," ती म्हणाली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. थोड्या वेळाने तिचा तिकडच्या भाषेतला चढा आवाज आला, मग खालचा, मग हसणं. परत आली तेव्हा लग्न अँटवर्पच्या देरासराशेजारच्या, म्हणजे जैन मंदिराशेजारच्या, सभागृहात आलं होतं, घरापासून दीड किलोमीटरवर. हंसांचं काय, कोकिळाने हळहळून विचारलं. बा म्हणाली, हंस पाहायचे तर तळ्यावर जा, लग्नात कशाला?

रमीला आत गेली आणि कंकोत्र्यांचा, लग्नपत्रिकांचा, गठ्ठा घेऊन आली. लाल कागद, सोनेरी अक्षरं, किल्ल्याचं चित्र. चित्रावर आता पट्टी चिकटवावी लागणार होती. गावात वाटण्यासाठी सेवंतीने दीडशे आणल्या होत्या आणि काल बसून नावं घातली होती. वरचीच या घरची होती: 'श्री. चिनूभाई, सपरिवार'. सपरिवारात बा आली. त्रेचाळीस वर्षं सगळी पत्रं, सगळी आमंत्रणं अशीच येत होती, आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"मोटाभाई," रमीला म्हणाली आणि एक कोरी कंकोत्री थोरल्या दिरापुढे ठेवली. कुंकवाची वाटी आणली, अक्षता आणल्या. तिच्या पारण्याची चांदीची वाटीही आणली, तळाशी उसाचा रस थोडा उरला होता. तिने ती बाच्या हातात दिली. आजच्या दिवशी दुसऱ्या कोणाला मान द्यायचा तर तो तिने द्यायचा होता, आणि तिने दिला.

सेवंती पाटावर बसला. त्याचं अक्षर चांगलं आलं. वर बाचं नाव, पूर्ण, 'पूज्य जासूदबेन', आणि खाली त्याने छापलेल्या मजकुरात नसलेली एक ओळ घातली: 'बा, माझ्या घरी ये.' मग त्याने कुंकवाचं बोट लावलं, अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी ती तिच्यापुढे धरली.

बाला वाचता येत होतं. तरी ती म्हणाली, वाचून दाखव. त्याने वाचलं. शेवटच्या ओळीशी तो अडखळला, आणि ती तिने त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

मग तिने कंकोत्री नियमांच्या वहीत ठेवली आणि वाटीतला रस संपवला.

"येते," ती म्हणाली. "कोकिळा, तू चल सोबत, स्वेटर आण. आणि अनेरी, मला खिडकीची जागा घे. आठ मैलांतले सात आज त्रेचाळीस वर्षांनी वापरायला मिळतायत, बघून तरी घेते."